‘नाइन्टीन मिनिट्स’ वाचताना मी हसणाऱ्यांच्या बाकावर सापडले

रानजाई (धागाकर्ती)

(कथेतलं रहस्य खाली उघड केलं आहे. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी आधी वाचून घ्या.)

जोडी पिको या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी मार्च २००७ मध्ये आली. मी ती वाचली यंदाच्या मे महिन्यात, माहेरी, माळ्यावरच्या खोलीत. चार दिवसांत संपवली आणि पाचव्या दिवशी आईला विचारलं, “गिरणीवाल्यांचा धाकटा आता कुठं असतो गं?”

आधी कादंबरीबद्दल. न्यू हॅम्पशर राज्यातलं स्टर्लिंग नावाचं काल्पनिक गाव. पीटर हॉटन हा सतरा वर्षांचा मुलगा एका सकाळी बंदुका घेऊन शाळेत शिरतो आणि एकोणीस मिनिटांत दहा जणांचा जीव घेतो. उरलेलं पुस्तक मागे-पुढे जात राहतं. बालवाडीच्या पहिल्याच दिवशी बसच्या खिडकीतून बाहेर फेकला गेलेला त्याचा सुपरमॅनचा डबा, त्यानंतरची सगळी वर्षं, आणि गोळीबारानंतरचा खटला.

पीटर आणि जोसी लहानपणी जिवलग. तिची आई न्यायाधीश, त्याची आई सुईण. पुढे जोसी शाळेतल्या वट असलेल्या मुलामुलींच्या टोळक्यात जाते. ती पीटरला कधी मारत नाही, नावं ठेवत नाही. पीटरने तिला लिहिलेली एक ईमेल तिच्याच मैत्रिणीकडून शाळाभर जाते, आणि मग भरल्या कँटीनमध्ये जोसीचा मित्र मॅट पीटरची पँट खाली ओढतो. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं आणि खाली जाऊन उगीच कपडे वाळत घातले.

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, १९९४, आठवी अ. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी. गिरणीवाल्यांचा धाकटा माझ्या वर्गात. आम्ही लगोरी एकत्र खेळलो, चौथीच्या स्कॉलरशिपचा अभ्यास त्यांच्या ओट्यावर बसून केला. शाळेत यायच्या आधी तो तासभर गिरणीवर असायचा, त्यामुळे भुवयांवर आणि कानांमागे पीठ राहून जायचं. त्यावरून त्याला पडलेलं नाव मी इथे लिहिणार नाही.

आठवीत बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या तीन मुली आमच्या वर्गात आल्या. त्यांच्याकडे वासाचं खोडरबर होतं, केसांना शाम्पू असायचा. त्यांच्या बाकावर मला जागा मिळाली आणि ती टिकवणं हेच माझं त्या वर्षीचं काम होऊन बसलं. गल्लीत त्याच्याशी बोलायचे, शाळेत ओळख दाखवायची नाही.

संक्रांतीला तिळगूळ वाटताना त्याने वडीबरोबर वहीचं घडी घातलेलं पान माझ्या हातावर ठेवलं. “तू पूर्वीसारखी बोलत नाहीस. माझं काही चुकलं का?” एवढंच. खाली स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, उत्तरपत्रिकेवर लिहितात तसं.

जोसीने ती ईमेल निदान स्वतःहून पुढे पाठवली नव्हती. मी ते पान माझ्या हाताने शेजारणीला दिलं. कुणी हिसकावलं नाही. ऑफ तासाला ते फळ्यासमोर उभं राहून वाचलं गेलं. वर्ग हसला, मी हसले. सगळा वेळ तो माझ्याचकडे बघत होता.

पुढचं दीड वर्ष डस्टर त्याच्या डोक्यावर झटकताना, डबा उपडा करताना, सायकलची हवा सोडताना पोरं तेच वाक्य म्हणायची, “माझं काही चुकलं का?” नववीनंतर तो मामाकडे शिकायला गेला.

२०१९ मध्ये बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप गट झाला. कुणीतरी नंबर मिळवून त्याला जोडलं. स्वागताचा पहिला संदेश ते टोपणनाव, दुसरा ते वाक्य, आणि खाली पंधरा-वीस हसरे चेहरे. त्यातला एक माझा होता. दोन दिवसांनी तो गट सोडून गेला.

अशा पुस्तकांत मी नेहमी मार खाणाऱ्याच्या बाजूला उभी राहून रडत आले. या खेपेला तिथे उभं राहता येईना. तुमच्यापैकी ज्यांनी वाचलंय त्यांना विचारायचं आहे, तुम्ही या पुस्तकात कुठे सापडलात?


कोयनाकाठ

मी लेसीमध्ये, पीटरच्या आईमध्ये. गावातली कितीतरी मुलं जिने आपल्या हातांनी जगात आणली, तिच्याच मुलाने त्या गावातली मुलं मारली. लोक तिला विचारतात, तुला कळलं कसं नाही? माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या खोलीचं दार बंद असतं तेव्हा मी बाहेर उभी राहते आणि आत जात नाही, कारण वयात आलेल्या मुलाला मोकळीक द्यावी असं सगळे सांगतात. हे पुस्तक वाचल्यापासून मी दार वाजवते. तो वैतागतो. तरी वाजवते.


अर्धविराम

रानजाई, तुम्ही लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी माझा तुमच्यावरचा राग कमी झाला होता, म्हणून आता लिहितोय.

मी त्या पुस्तकात पीटर आहे. हे घरी बायकोला सोडून कुणालाच सांगितलेलं नाही.

सहावीत मला वसतिगृहात ठेवलं. १९९१ साल. मी तोतरा बोलायचो, अजूनही थकलो की बोलतो. आमच्या खोलीत आठवीतला एक जण होता. रात्री दिवे गेले की मला पलंगावर उभं करून धडा वाचायला लावायचा. जिथे अडकेन तिथे बाकीच्यांनी टपली मारायची, ओळीने. मोजून. सकाळी तीच मुलं माझ्या शेजारी बसून उपमा खायची, ‘सरक’ म्हणायची, जणू काही झालंच नाही. मला सगळ्यात त्याचा त्रास व्हायचा. रात्रीचं मी कुणाला सांगितलं असतं तर सकाळी बघणाऱ्याला पटलंच नसतं.

रेक्टरना एकदा सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “कोण मारतं याला?” पुढे काय होणार ते तुम्हाला माहीत आहे.

सातवीत मी कर्कटकाचं टोक फरशीवर घासून ठेवलं होतं. कुठे लावायचं तेही ठरलं होतं, तो डाव्या कुशीवर झोपायचा. पंधरा दिवस ते उशीखाली होतं. ज्या आठवड्यात मी ते करणार होतो त्याच आठवड्यात त्याला गालगुंड झाले आणि त्याचे वडील येऊन घेऊन गेले. तो परत आला तोवर वार्षिक परीक्षा संपली होती, मी घरी होतो, आणि मी आईला सांगून टाकलं की परत पाठवलंत तर विहीर आहे.

लोक मला म्हणतात, तुझा स्वभाव मुळात शांत. त्याला गालगुंड झाले नसते तर हा शांत स्वभाव आज कुठल्या खात्यात जमा असता, याचा विचार मी पुस्तक वाचताना सारखा करत होतो. पीटरच्या घरात बंदुका होत्या. माझ्याकडे कर्कटक होतं. आमच्यात मला एवढाच फरक दिसला.


माजघर

अर्धविराम, काय लिहू सुचत नाही. तुमच्या आईने ऐकलं, हे फार बरं झालं.


तळटीप

धागा फार प्रामाणिक आहे, तरी एक खटकतंय ते लिहितो. ‘छळ झाला म्हणून मारलं’ ही साखळी कादंबरी इतकी घट्ट बांधते की वाचक मारणाऱ्याच्या बाजूने हळहळायला लागतो. दहा घरांत प्रेतं गेली, त्यांची पानं किती आहेत?

१९९९ च्या २० एप्रिलला कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक मारले. ‘चिडवल्या गेलेल्या एकलकोंड्या मुलांचा सूड’ ही गोष्ट तेव्हा जगभर गेली. पुढे त्यांच्या वह्या आणि तपासाची कागदपत्रं बाहेर आली तेव्हा ती गोष्ट तेवढी सरळ राहिली नाही. त्यातल्या एकाच्या लिखाणात सगळ्या जगाबद्दल तुच्छता भरलेली होती. पण पहिली गोष्टच लोकांच्या डोक्यात राहिली.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने शिक्षण खात्याबरोबर १९७४ ते २००० मधल्या ३७ शाळा-हल्ल्यांचा अभ्यास केला, अहवाल २००२ मध्ये आला. ४१ हल्लेखोर. त्यातल्या ७१ टक्क्यांना आपला छळ झाला, धमकावलं गेलं असं वाटत होतं. हा आकडा सगळे सांगतात. त्याच अहवालातला दुसरा आकडा असा की दोनतृतीयांशांहून जास्त जणांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून उचलली होती. छळ जगभर होतो. हाताशी बंदूक जगभर नसते.

आपल्याकडचंही उदाहरण आहे, आणि तेही कादंबरी आली त्याच वर्षीचं. डिसेंबर २००७, गुडगावची एक खाजगी शाळा. आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला गोळ्या घातल्या. तो आम्हाला त्रास देतो, असं त्यांचं म्हणणं छापून आलं होतं. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं. मेलेला मुलगा चौदा वर्षांचा. त्याच्याबद्दल ‘दादागिरी करायचा’ एवढंच लोकांना आठवतं, आणि हे मला भयंकर वाटतं. चौदाव्या वर्षीची दादागिरी सुधारायला त्याला पंधरावं वर्ष मिळालंच नाही.


अर्धविराम

तळटीप, तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं. तो डाव्या कुशीवर झोपणारा आज सहकारी बँकेत आहे, दोन मुली आहेत. एका लग्नात दिसला. मी लांबून बघितलं. मुलीच्या बुटाची नाडी बांधत होता. माझ्या हातून ते झालं असतं तर ती मुलगी नसती. मी त्याला माफ केलेलं नाही. तरी तुमचं म्हणणं मान्य.

पण कादंबरी पीटरला सोडून देते असं मला वाटलं नाही. त्याचा वकील बचाव मांडतो की वर्षानुवर्षं मारहाण सोसलेल्या बाईची जी मनःस्थिती होते तीच या मुलाची झाली होती. न्यायालय ते मानत नाही. तो दोषी ठरतो आणि तुरुंगात स्वतःचा जीव घेतो. मला त्याची दया आली, सुटका व्हावी असं मात्र एकदाही वाटलं नाही. या दोन गोष्टी वाचकाच्या मनात एकत्र राहू शकतात.


हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते, मुलगी दुसरीत. तुम्हाला इकडचं रोजचं सांगते.

आमच्या राज्यात दर महिन्याला आगीची एक कवायत आणि सुरक्षेची एक कवायत शाळेला घ्यावीच लागते. मुलीने पहिलीत असताना मला करून दाखवलं. दिवा घालवायचा, दारापासून लांबच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचं, अजिबात आवाज करायचा नाही. “आई, माझ्या बुटांत लाइट आहेत, म्हणून टीचर म्हणाल्या पाय हलवू नकोस.” दुसऱ्या दिवशी मी साधे बूट आणले. अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली, त्या दिवशी दुकानात उभं राहून जे वाटलं ते पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

छळाबद्दल इथे कायदा कडक आहे. २०११ मध्ये राज्याने तो केला. तक्रार आली की एका शालेय दिवसात चौकशी सुरू करायची आणि दहा शालेय दिवसांत संपवायची. प्रत्येक शाळेत त्यासाठी नेमलेला माणूस असतो. आम्ही एकदा तक्रार केली आहे, मुलीच्या डब्यातल्या मेथीच्या पराठ्यावरून. चौकशी झाली, कागद आला, सगळं नियमानुसार. पण मुलगी डब्यात आता सँडविचच मागते. कायद्याने तिला संरक्षण दिलं, पराठा परत मिळाला नाही.

आणि हे पुस्तक! पेन अमेरिका ही संस्था शाळांतून हटवलेल्या पुस्तकांची नोंद ठेवते. २०२३-२४ च्या शालेय वर्षात त्यांच्या यादीत सर्वांत वर हीच कादंबरी होती, ९८ वेळा हटवलेली. आक्षेप गोळीबारावर नव्हता, मुलीवर जबरदस्ती होते त्या एका पानावर होता. जी मुलं दर महिन्याला कोपऱ्यात गप्प बसायची कवायत करतात, त्यांना हे पुस्तक वाचू द्यायचं नाही. मला याचा मनापासून राग येतो.

एक तारीखही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कादंबरी आल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १६ एप्रिल २००७ ला, व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती आणि भारतातून येऊन तिथे वर्षानुवर्षं शिकवणारे प्राध्यापक लोगनाथनही होते. मी तेव्हा पुण्यात शिकत होते. अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेची पुस्तकं आईने कपाटावर ठेवून दिली होती, वर्षभर काढू दिली नाहीत.


ओलीसुकी

मी सगळं वाचते आहे. एक सांगायचं राहिलंय असं वाटतं.

पीटरला कशावरून छळतात? चष्मा, नाजूक बांधा, खेळ न जमणं. स्टर्लिंग हे सुखवस्तू गोऱ्या लोकांचं गाव आहे. आपल्याकडे पोरांना कारण शोधावं लागत नाही, ते हजेरीपटावरच लिहिलेलं असतं. आमच्या वर्गात जूनमध्ये सर म्हणायचे, “सवलतीचे फॉर्म ज्यांना भरायचेत त्यांनी उभं राहा.” आम्ही सात जण उभे राहायचो. त्या मिनिटात वर्गाला जे कळायचं ते वर्षभर पुरायचं. पाण्याच्या टाकीपाशी, गॅदरिंगच्या नाचात जोड्या लावताना, गणितात पहिली आले तेव्हा. “हिला काय, हिला तर पस्तीसही चालतात.”

सर वाईट नव्हते. मला त्यांनी स्वतःचा अपेक्षित प्रश्नांचा संच दिला होता. पण ते फॉर्म ऑफिसात बोलावूनही देता आले असते.

मी या पुस्तकात कुठेच सापडले नाही. तरी रडले. डबा खिडकीतून बाहेर जातो तिथे.


रानजाई

ओलीसुकी, आमच्याही वर्गात असंच उभं करायचे. तो उभा राहणाऱ्यांत होता. मी वर लिहिताना पीठ लिहिलं आणि हे लिहिलं नाही. मुद्दाम गाळलं नव्हतं, आठवलंच नाही. आता वाटतं, मला ते आठवायची गरज कधी पडली नाही म्हणून आठवलं नाही.


शिसपेन्सिल

कादंबरी म्हणून थोडं बोलू का? शेवटी कळतं की मॅटवर पहिली गोळी जोसीने झाडली होती. मला हा धक्का गुळमुळीत वाटला. मॅट तिला मारत होता, घाबरवत होता, हे लेखिकेने आधी पेरलेलं आहे, तेव्हा खोटं म्हणत नाही. पण जोसीचा खरा गुन्हा, गप्प राहण्याचा, बंदुकीशिवायच पुरेसा मोठा होता. तिच्या हातात बंदूक दिल्याने वाचकाला सुटल्यासारखं होतं. तिला पाच वर्षं शिक्षा झाली, हिशेब मिटला. गप्प राहण्याची शिक्षा कुठलं न्यायालय देणार होतं? तो प्रश्न लेखिकेने ऐन वेळी हातातून सोडला असं माझं मत.

रानजाईंची चिठ्ठी मला त्या शेवटाहून जड वाटली.


खडूफळा

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं, २०१६ मध्ये निवृत्त झाले. पुस्तक वाचलेलं नाही. धागा वाचून मागवलं आहे.

शिसपेन्सिल ज्याला गप्प राहणं म्हणतात त्यावर मला लिहायचं आहे, कारण ते मी वर्गात रोज पाहिलं आणि फार उशिरा ओळखलं. पालक यायचे, म्हणायचे, “बाई, मुलं चिडवतात हो.” आपल्या भाषेत शब्दही तेवढाच. चिडवणं, खोड्या, मस्करी, आणि एकदम टोकाला छळ. मधल्या सगळ्याला नाव नाही. मी त्या ‘चिडवतात’ला उत्तर द्यायचे, “दुर्लक्ष कर, आपोआप थांबतील.” किती मुलांना मी हे सांगितलं असेल! थांबत नाहीत. मूल बोलायचं थांबतं आणि बाईंना वाटतं, मिटलं.

निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधी एका प्रशिक्षणात फिनलंडच्या कामाबद्दल ऐकलं. तुर्कू विद्यापीठातल्या ख्रिस्तिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये मांडलं की छळ हा दोघांतला मामला नसतोच. एक छळणारा, एक त्याला हात देणारा, काही हसून बळ देणारे, काही मान वळवणारे, आणि एखादा-दुसरा मध्ये पडणारा. सगळा वर्ग कामाला लागलेला असतो. पुढे त्यावरून त्यांनी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम फिनलंडच्या शाळांत नेला, त्याचा भर या बघणाऱ्यांवरच आहे.

दुसरा अभ्यास टोरांटोचा, २००१ मधला. मुलांच्या अंगावर माइक लावून आणि लांबून चित्रीकरण करून शाळेच्या मैदानावर काय चालतं ते पाहिलं. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडली ती १९ टक्क्यांत. पण जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! मी तो कागद घरी आणून देव्हाऱ्याशेजारी लावला होता.

त्यानंतर मी विचारायची पद्धत बदलली. “कोण मारतं?” हे वर्गात विचारायचं सोडलं. (अर्धविराम, तुमच्या रेक्टरांनी जे केलं ते मीही केलेलं आहे. मला आज त्याची लाज वाटते.) एकेका मुलाला खडू आणायला, वह्या पोचवायला बरोबर न्यायचे आणि जाता-जाता विचारायचे, “अमक्याचं बरं चाललेलं दिसत नाही. तू त्याच्यासाठी काय करशील?” बहुतेक मुलं काहीतरी सांगायची. “मी त्याला आमच्यात डब्याला घेतो.” काही जण खरंच घ्यायचे. काही नाही घ्यायचे. एक वर्ग मला शेवटपर्यंत जमला नाही. त्या वर्गातला मुलगा शाळा सोडून गेला आणि मी दाखल्यावर सही घेऊन त्याच्या वडिलांना नमस्कार करून परत तासावर गेले.

ज्यांचं मूल आत्ता यातून जातंय त्यांच्यासाठी: १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे, मूल स्वतः फोन करू शकतं. आणि महाराष्ट्रातला १९९९ चा रॅगिंगबंदीचा कायदा वसतिगृहांनाही लागू आहे, हे पालकांना माहीत नसतं. शाळेकडे लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. तोंडी तक्रार हवेत जाते.


माजघर

बाई, ‘तू त्याच्यासाठी काय करशील’ हे मी काल माझ्या मुलीला विचारून पाहिलं. सातवीत आहे. तिच्या वर्गात एका मुलीला कुणी गटप्रकल्पात घेत नाही, असं तीच मागे एकदा म्हणाली होती. मी विचारल्यावर ती म्हणाली, “घेईन, पण मग मलाही काढतील.” मला वाटलं होतं तिला हे सुचलंच नसेल. तिने सगळा विचार आधीच करून ठेवला होता.


रानजाई

माजघर, तुमच्या मुलीला भीती वाटते ती खरी आहे. मलाही अगदी हीच वाटायची. तिला एकटीला उडी मारायला सांगू नका. आणखी एक मुलगी शोधा, दोघींना मिळून घेऊ दे.

आईने चौकशी केली. तो कोल्हापूरला असतो, मशीन दुरुस्तीचं त्याचं वर्कशॉप आहे. नंबर मिळाला आहे. तीन दिवस मी त्याला पाठवायचा मजकूर लिहिते आहे, खोडते आहे. अर्धविराम, तुम्हालाच विचारते. पाठवू का?


अर्धविराम

दोन दिवस विचार केला. माझं मत सांगतो, ते त्याचं असेलच असं नाही.

मला जर त्या खोलीतल्या टपली मारणाऱ्या कुणाचा एवढा मोठा माफीचा मजकूर आला तर मी काय करेन? रात्री झोपणार नाही. मग मला त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. “जाऊ दे, लहान होतो आपण” असं लिहावं लागेल, कारण तशी रीत आहे. म्हणजे परत मलाच त्याच्यासाठी काहीतरी करावं लागलं. तुमच्या मनावरचं ओझं उतरवायला त्याला हात लावायला लावू नका.

पण तो गट अजून आहे ना? ते नाव अजून तिथे घेतात ना? तिथे तुम्ही हसला होतात. तिथे बोला. त्याला कळलं तर कळेल.


कोयनाकाठ

मला मात्र वाटतं पाठवावं. दोन ओळींचा, उत्तर मागू नये असा. माझ्या बहिणीला असा एक निरोप पंचवीस वर्षांनी आला होता आणि तिने तो जपून ठेवला आहे. माणसं वेगवेगळी असतात.


रानजाई

काल रात्री गटात लिहिलं. पुढच्या महिन्यात पुन्हा जमायचं चाललंय, त्यावरून त्याचा विषय निघालाच होता, त्याच नावाने. मी लिहिलं की ते नाव कुणी घेऊ नका. संक्रांतीचं ते पान मी दिलं होतं, तेही लिहिलं, कारण इतकी वर्षं सगळे समजत होते की ते माझ्या दप्तरातून काढून घेतलं गेलं. तीही गोष्ट मीच पसरू दिली होती.

बराच वेळ निळ्या खुणा नुसत्या वाढत गेल्या. मग एकाने लिहिलं, “एवढं काय त्यात, गंमत होती.” दोघांनी अंगठा दिला. पान वाचून दाखवलेली माझी शेजारीण काहीच बोलली नाही. सकाळी दोन मैत्रिणींचे वेगळे निरोप आले, एकीने वर्गातलीच दुसरी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीतच नव्हती. ती तिची आहे, म्हणून इथे लिहीत नाही.

त्याला मी काही पाठवलेलं नाही. कोयनाकाठ, तुमचं म्हणणं मनात आहे.


ओलीसुकी

गटात त्याचं नाव काय लिहिलंत?


रानजाई

पूर्ण लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. त्याने त्या पानावर लिहिलं होतं तसं.